रियाध ते मुंबई : चार तास

रियाधपासून मुंबई सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर आहे आणि हे अंतर विमान साधारण चार तासांत कापते. मुंबईपासून आमचे मलकापूर पाचशे किलोमीटर, आणि त्यास आगगाडीला आठ तास लागतात. जळगाव जामोदहून लोणारकडच्या सुलतानपुरास कोणी निघाला, तर तीन बसगाड्या बदलता बदलता त्याचे पाच तास जातात. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाहून दक्षिण टोकास जाण्यापेक्षा समुद्र ओलांडून अरबस्तानास जाणे वेळेच्या मापाने जवळचे. हे मी गिऱ्हाइकांना अकरा वर्षे सांगत आलो. ते हसत, मीही हसत असे. पुढे याच चार तासांनी माझ्याकडून असा अपराध घडवला की त्यानंतर ते वाक्य मी कोणासमोर उच्चारले नाही.

माझे शिक्षण पाठशाळेतले. व्याकरण, थोडे धर्मशास्त्र आणि पंचांगाचे गणित एवढी माझी शिदोरी. शाळेत संस्कृत शिकवीत होतो; पुढे त्या विषयाला विद्यार्थी उरले नाहीत आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी मोकळा झालो. तेव्हा मलकापुरात जब्बारभाईंनी मला आपल्या दुकानात बोलावले. ‘गुरुजी, तुम्ही तारखा-येळेचे माणूस. माह्या हातून टाइमाचा लय घोळ होते,’ एवढीच त्यांची मुलाखत. सकाळची संध्या आणि पूजा आटोपून मी दहाला दुकानी जाई. कपाळीच्या गंधाकडे प्रथम लोक पाहत. पुढे त्यांना ते दुकानाच्या पाटीसारखे ओळखीचे झाले.

दुकानाची रचना सांगितली पाहिजे. पुढच्या भागात जब्बारभाईंचे बियाण्यांचे दुकान होते. कपाशीच्या बीटी वाणाची रंगीत पाकिटे तेथे ओळीने लावलेली असत. मागच्या भागात एक टेबल, एक संगणक, भिंतीवर जगाचा नकाशा आणि दोन घड्याळे. तो तिकिटांचा विभाग, म्हणजे मी. ज्येष्ठात पुढच्या गल्ल्यावर पाकिटे निवडणारा मनुष्य कार्तिकात माझ्या टेबलापुढे पासपोर्ट घेऊन उभा राहिलेला मी किती वेळा पाहिला, त्याची गणती नाही. मधल्या पाच महिन्यांत काय झाले, हे त्याला विचारावे लागत नसे. पाकिटावर अळी येणार नाही असे छापलेले असे. अळी आली नाही त्या वर्षी लाल्या आला, म्हणजे पाने लाल पडून झाडे उभ्या उभ्या वाळली. बापाने शेत धरून ठेवायचे आणि एका मुलाने आखाताकडे जायचे, अशी वाटणी घरोघर झाली. हिंदूंत झाली, मुसलमानांतही झाली. जब्बारभाई एकदा पुढच्या भागातून मागे पाहत म्हणाले, ‘गुरुजी, दुकान एकच हाय. दरवाजे दोन.’ ते हसून म्हणाले नव्हते.

आमच्या कामात तिकीट काढणे हा सर्वांत सोपा भाग. पारपत्रावर शिक्का कोणता आहे, व्हिशावरचे नाव आणि पारपत्रावरचे नाव अक्षराअक्षराने जुळते का, हे पाहण्यातच दिवस जाई. आणि सर्वांत अवघड भाग म्हणजे वेळ समजावणे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची छापतात आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. रियाधचे घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे. म्हणून जाताना सकाळी दहाला निघालेला पावणेबाराच्या सुमारास पोहोचतो आणि येताना साडेअकराला निघालेला सायंकाळी सहाला उतरतो. एक म्हातारी आपल्या मुलाचे तिकीट परत माझ्यापुढे सरकवून म्हणाली होती, ‘जायाले पावणेदोन तास अन् येयाले साडेसहा? काऊन वो गुरुजी, येतानी मंधात बसवून ठेवतात का पोराले?’ मी नकाशावर बोट फिरवून सूर्य, पृथ्वी, रेखांश सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मुलाला म्हणाली, ‘गुरुजी म्हणते, येयाले टाइम लागते. मंग तू लवकर निघत जाय.’

मला स्वतःला हे सारे नवे नव्हते. पंचांगात तिथी-नक्षत्रांच्या वेळा ज्या गावच्या छापलेल्या असतात त्या गावावरून आपण पूर्वेस की पश्चिमेस, हे पाहून त्यांत भर किंवा वजावट करावी लागते. त्यास देशांतर संस्कार म्हणतात. सहा अंशांस एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे. आमचे गुरुजी विद्यार्थ्याच्या हाती पंचांग देताना सांगत की छापील वेळ आपली नव्हे, ती आधी आपली करून घ्यावी. चाळीस वर्षे मी सकाळी उठून प्रथम तेच करीत आलो होतो. भारताच्या आणि अरबस्तानाच्या घड्याळांतला फरक साडेसदतीस अंशांचा, म्हणजे सव्वासहा घटिकांचा. हे मला बोटांवर येई आणि येते याचा सूक्ष्म अभिमानही होता. तो तेव्हा मला दिसला नाही.

गिऱ्हाइकेही तऱ्हेतऱ्हेची येत. नांदुऱ्याकडचा एक पाटील मुलाच्या विमानास मुहूर्त हवा म्हणून अडून बसला. मुहूर्त मुंबईचा धरायचा की गावचा, असे मी विचारले, तर म्हणाला, ‘ज्या मुहूर्तावर साहेब त्याले कामावरून काढणार नाही, तो धरा.’ तसा मुहूर्त माझ्या कोणत्याही ग्रंथात नव्हता.

युनूस माझ्याकडे प्रथम आला तो रमजानच्या महिन्यात. जळगाव जामोदच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे गाव. वडील रहमतमियाँ, थोरला भाऊ सलीम आणि हा धाकटा. नऊ एकर कोरडवाहू कपाशी. दोन वर्षे लागोपाठ लाल्या आल्यावर सलीमने शेत पाहावे आणि युनूसने रियाधच्या एका कारखान्यात जावे असे ठरले होते. तिघेही बापलेक दुकानात आले होते. रहमतमियाँ नकाशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, ‘गुरुजी, आपलं गाव दाखवा बरं यात.’ मी बोट ठेवले. ‘अन् हा जाते ते?’ मी दुसरे बोट ठेवले. त्यांनी माझ्या दोन बोटांमधले अंतर आपल्या पंज्याने मोजले. ‘एवढंच? मंग तं लहान्या इथंच हाय.’

युनूसची अडचण वेगळी होती. विमान मुंबईहून दुपारी सव्वाचारला सुटणार आणि त्याचा रोजा होता. ‘रोजा कोणत्या टाइमाले सोडू गुरुजी? मुंबईच्या का रियाधच्या?’

मी कागद घेतला. विमान पश्चिमेस जाते, म्हणजे सूर्याच्या मागे धावते. त्यामुळे त्याचा दिवस लांबतो. मुंबईत सूर्य सव्वासहाला मावळेल, पण विमानातल्यासाठी मुंबईच्या घड्याळाने साडेसातच्या पुढे. तसे लिहून दिले आणि सांगितले, ‘खिडकीतून सूर्य दिसतो आहे तोपर्यंत तुझा दिवस आहे. घड्याळाकडे पाहू नकोस.’

सलीम हसत भावाला म्हणाला, ‘पाह्य बे, बामण गुरुजी तुले रोजा सोडाची येळ सांगून राह्यले. मौलानासाहेबाले सांगू नको.’

चौथ्या दिवशी रियाधहून दुकानात फोन आला. ‘गुरुजी, तुम्ही लिहून देल्ला तोच टाइम. पाच मिनिटाचाबी फरक नाही पडला. बाजूच्या सीटवाले माह्याच कागदावर रोजा सोडून राह्यले होते!’ ही गोष्ट त्याने गावी कळवली, गावाने पंचक्रोशीत. तेव्हापासून त्या बाजूच्या लोकांत एक वाक्य रूढ झाले की गुरुजी टाइमात चुकत नाहीत. ते कानी आले की मी ‘ईश्वराची कृपा’ असे म्हणत असे. मनातून मात्र ती कृपा मी आपल्या विद्येच्या नावे जमा करीत होतो.

तीन वर्षांनी, वैशाखातल्या एका सोमवारी पहाटे रहमतमियाँ वारले. रात्री जेवून निजले होते, पहाटे उठले नाहीत. सलीमने तत्काळ रियाधला कळवले. साडेदहाच्या सुमारास दुकानात युनूसचा फोन आला. आवाज फुटत होता आणि मागे गाड्यांचा गोंगाट होता.

‘गुरुजी, सीट भेटली. साडेअकराचं इमान हाय, सहाले उतरतो. भाईचा फोन लागून नाही राह्यला. त्याले सांगा, म्या आल्याबिगर अब्बाले माती देऊ नका. एकडाव तोंड पाहू द्या मले.’

‘सांगतो,’ मी म्हणालो. ‘सांभाळून ये.’ आणि फोन तुटला.

मी कागदावर लिहिले, सहा. तेवढ्यात विचार आला की हा मनुष्य रियाधेत उभा राहून, मनगटावरच्या रियाधच्या घड्याळाकडे पाहून बोलतो आहे. आमची गिऱ्हाइके तिकडून बोलताना तिकडचीच वेळ सांगत आणि इकडची माणसे घोटाळत. ती वेळ आपली करून देणे हे माझे नित्याचे काम होते. मी सहामध्ये अडीच मिळवले. साडेआठ. साडेअकरापासून रियाधच्या सहापर्यंत साडेसहा तास होतात आणि सरळ विमानास चार पुरतात, हे माझ्या दृष्टीस आले नाही असे नाही. परंतु मस्कत किंवा बहारीनला उतरून येणारी विमाने तेवढा वेळ घेत, तसे हे असेल अशी मी समजूत करून घेतली. दिवे गेलेले होते, संगणक बंद होता. दुपारी वीज आली तेव्हा दोन बोटे चालवून विमानाची वेळ पाहता आली असती. मी पाहिली नाही. ज्या गणितात आपण चुकत नाही ते पुन्हा कोण तपासतो?

साडेआठला उतरणाऱ्याला मुंबईची नऊची गाडी मिळत नाही. पुढची गाडी धरली तर मलकापूर सकाळी नऊ, आणि गाव दहा-साडेदहा. सहाला उतरणाऱ्याला मात्र नऊची गाडी मिळते, पहाटे पाचला मलकापूर आणि साडेसहाच्या आसपास गाव. या दोन उत्तरांत एका माणसाच्या आयुष्यातले अखेरचे दर्शन अडकले होते.

दुपारी सलीम बर्फाच्या लाद्या नेण्यासाठी मलकापुरात आला. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या बाहेर जीपमध्ये ठेवून तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला. डोळे कोरडे, ओठ सुकलेले.

‘गुरुजी, लहान्या कधी पोहचते?’

‘उद्या दहाच्या आत नाही,’ मी म्हणालो.

त्याने बाहेरच्या जीपकडे पाहिले. मग म्हणाला, ‘मौलानासाहेब म्हणते, उद्या पहाटे फजरच्या नमाजपावतर ठेवू. त्याच्यापुढं मयतीले तरास देऊ नये म्हणते. सहा-साडेसहा असते, तं म्या पाया पडून मनवलं असतं सगळ्यायले. दहा कसं जमन? पाह्या ना, इथंच पानी होऊन राह्यलं.’ जीपखालच्या रस्त्यावर बर्फाच्या पाण्याची रेघ लांब गेली होती.

‘त्याने तोंड पाहू द्या म्हणून सांगितले आहे,’ मी म्हणालो.

‘मले नाही समजत का ते?’ तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला आणि लगेच खाली आला. ‘पक्कं का गुरुजी? दहाच?’

‘पक्के.’

मंगळवारी पहाटे फजरच्या नमाजानंतर रहमतमियाँना माती दिली. कबरस्तानातून लोक परत येत असताना, पावणेसातला, युनूस गावच्या फाट्यावर जीपमधून उतरला. मुंबईला उतरल्यावर कोणा सहप्रवाशाच्या मोबाईलवरून त्याने भावास फोन केला होता. पण भारनियमनाने गावात वीज नव्हती आणि सलीमचा मोबाईल बंद पडला होता. आपण गुरुजींना सांगितले आहे, म्हणजे घरी कळलेच असणार, या भरवशावर तो गाडीत बसला होता.

तिसऱ्या दिवशी मी समाचारास गेलो. अंगणात सतरंजी होती, पंधरा-वीस माणसे होती. एका कडेला सलीम, दुसऱ्या कडेला युनूस. दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते. मी टेकतो न टेकतो तोच युनूस उठून माझ्याजवळ आला.

‘गुरुजी, तुम्हीच सांगा आता. म्या तुम्हाले सहा सांगतलं होतं का नाही?’

‘सांगितले होतेस,’ मी म्हणालो.

‘आयकलं?’ तो सर्वांकडे वळला. ‘साडेअकराले रियाध सोडलं, सहाले मुंबईत होतो. अन् हा म्हणते, गुरुजीनं दहा सांगतलं. गुरुजी टाइमात चुकतात का कधी?’

सलीम खाली मान घालून म्हणाला, ‘दहाच सांगतलं होतं.’

‘मंग गुरुजी खोटे?’

साडेअकराला रियाध, सहाला मुंबई. साडेसहातून अडीच गेले, उरले चार. तेवढ्या अंगणात, तेवढ्या माणसांच्या देखत मला माझी चूक लख्ख दिसली. सहा हे मुंबईचेच होते. जी वेळ आधीच आपली होती, ती मी पुन्हा आपली करीत बसलो. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, ‘वेळेच्या बाबतीत काही घोळ झालेला दिसतो.’

ज्या वाक्यास कर्ता नाही अशी वाक्ये कशी करावीत, हे मी पंचवीस वर्षे मुलांना शिकवले होते.

युनूसने माझे हात धरले. ‘तुम्ही मोठ्या मनाचे हाय गुरुजी. झाकून राह्यले त्याचं. नका झाकू.’ आणि भावाकडे न पाहता म्हणाला, ‘एक तास नाही थांबला. वावर एकट्याचं करासाठी घाई झाली होती त्याले.’

सलीमने त्या वेळी माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. मला वाटले आता हा बोलेल. तो उठून आत गेला.

युनूस अठरा दिवस राहिला. परतीच्या तिकिटासाठी दुकानात आला तेव्हा मृग लागत होता आणि पुढच्या गल्ल्यावर बियाण्यांसाठी रेटारेटी होती. मी तिकीट त्याच्या हाती दिले आणि म्हणालो, ‘युनूस, तुझ्याशी थोडे बोलायचे आहे.’

‘बोला ना गुरुजी.’

पुढून कोणी तरी ओरडले, ‘गुरुजी, मांगचं दार लावा, गर्दी अंदर घुसून राह्यली!’ मी उठून दार लावून आलो. तेवढ्यात बोलण्याचे बळ गेले होते. मी म्हणालो, ‘प्रकृतीस जप.’

‘जपतो,’ तो म्हणाला. ‘भाईले वावर सोडून देल्लं म्या. आता येनं नाही इकडं.’

त्या दिवशी सायंकाळपासून मी एकभुक्त राहू लागलो. जपाची संख्या वाढवली. आषाढात, श्रावणात, चातुर्मासभर मी स्वतःस जे जे कठीण ते ते घातले. घरी विचारले तर पुण्यसंचयासाठी, असे सांगत असे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचा क्रम दिलेला आहे आणि मी तो एकेकाळी विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला होता. घडलेले पाप प्रथम आपल्या तोंडाने लोकांसमोर सांगायचे, त्यानंतर अनुताप, त्यानंतर तप आणि जप. मी पहिली पायरी सोडून बाकीच्या सर्व चढत होतो. कार्तिकातल्या एका सकाळी माळ हाती असताना हे ध्यानात आले, आणि त्या जपाची किळस आली. मी माळ ठेवून दिली.

शुक्रवार निवडला, कारण रियाधेत त्या दिवशी सुट्टी असते. जब्बारभाईंना काय करणार ते सांगितले. त्यांनी सारे ऐकले, गल्ल्यावरचा हात उचलला आणि एवढेच म्हणाले, ‘आतापावतर काऊन थांबले गुरुजी?’ मग आपला मोबाईल माझ्या हाती दिला. तिकडे बोलण्यास तो सोयीचा होता.

अकराच्या सुमारास शेतावर पोहोचलो. बीटीचे ते शेत पुन्हा लाल पडले होते. ज्या झाडांवर बोंडे होती तीही अर्धवट उघडून वाळलेली. सलीम लोखंडी चिमट्याने पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, बुडापासून उपटत होता. हरभऱ्यासाठी रान मोकळे करायचे होते. शेताच्या पलीकडच्या टोकाचे पहिले तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, घरात अजूनही अब्बाचे म्हणत, कारण ते रहमतमियाँ स्वतः लावीत. एकटाच होता. मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाहून त्याने चिमटा खाली ठेवला, धावत येऊन पाण्याची कळशी पुढे केली आणि मग मी पाणी घेईन की नाही अशा संकोचाने थांबला. मी ओंजळ धरली. प्यालो.

‘सलीम, मी चुकलो,’ मी म्हणालो. ‘युनूसने मुंबईची वेळ सांगितली होती. मी ती रियाधची समजलो. तुला दहा सांगितले ते माझे चुकीचे गणित होते. तुझ्या वडिलांचे दर्शन त्याला माझ्यामुळे घडले नाही आणि दोष तुझ्यावर आला. अंगणात मला ते कळले होते. तरी मी बोललो नाही.’

तो ऐकून घेत होता. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

‘मले माहीत हाय गुरुजी.’

‘कधीपासून?’

‘चौथ्या दिवसापासून. लहान्याचा सदरा धुवाले टाकला होता, त्याच्या खिशात तिकीट निंघालं. दोन्ही टाइम होते त्याच्यावर. चार तास लागतात हे तुम्हीच सांगतलेलं.’ त्याने तळहातावरची माती झाडली. ‘म्या बी मोजलं मंग.’

‘आणि तू गप्प राहिलास?’

‘तेरा पोरं गेली हाय गावातून तुमच्या सांगण्यावर. त्यायच्या मायबहिनी अजूनबी तुम्हाले इचारून फोनची वाट पाहतात. त्यायले काय सांगू, गुरुजीले टाइम समजत नाही?’ मग दुसऱ्याच आवाजात म्हणाला, ‘हे तं लोकायसाठी झालं. खरं सांगू का? लहान्यानं मले एकडावबी नाही इचारलं, भाई, काय झालं होतं म्हणून. सगळ्यायच्या म्होरं तुम्हाले इचारलं. म्या सांगतलं तं म्हणे खोटं. मंग म्या तिकीट दाखवून खरा होऊ?’

मी मोबाईल काढून युनूसचा क्रमांक लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे तेथे उभ्या असलेल्यास ऐकू यावे. युनूसने उचलला. मी सर्व सांगितले; या वेळी प्रत्येक वाक्यास कर्ता होता. मी ऐकले, मी मिळवले, मी सांगितले, मी लपवले.

मला वाटले फोन तुटला.

‘युनूस?’

‘हाव. भाई हाय का तिथी?’

‘आहे.’

‘द्या बरं त्याले.’

मी फोन पुढे केला. सलीमने मान हलवली. ‘नाही गुरुजी. तुम्ही सांगतलं म्हणून आता त्याले पटलं. माह्यावर भरोसा नव्हता तो नव्हताच ना?’ आणि चिमटा उचलून तो ओळीत शिरला.

हे पलीकडे ऐकू गेले असणार. मी तरीही सांगितले, ‘तो येथेच आहे, युनूस. बोलायचे नाही म्हणतो.’

‘राहू द्या,’ युनूस म्हणाला. ‘फोन नका ठेवू गुरुजी. त्याच्या बाजूनं धरा खाली.’

मी फोन हातात पुढे धरून उभा राहिलो. सलीम चिमट्यात खोड धरी, ओढी. मूळ तुटल्याचा कडकन आवाज होई आणि झाड ढेकळांवर पडे. पुन्हा खोड, पुन्हा तो आवाज. तो ओळीत पुढे सरकला की मीही धोतर सावरून त्याच्यामागे सरके, कारण आवाज लांब जाऊ लागला होता. अशा किती ओळी झाल्या सांगता येत नाही. मध्ये त्याने एकदा मागे वळून माझ्या हाताकडे पाहिले आणि पुन्हा खाली वाकला.

मग फोनमधून युनूसचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता.

‘पऱ्हाटी उपटून राह्यला का? आताच? बोंडं फुटाची हाय ना अजून?’

सलीमचे हात थांबले. तो वाकलेलाच राहिला.

‘लाल्या आला,’ तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

‘समद्या वावरात?’

सलीमने चिमट्यातले झाड सोडले. त्याने ताठ होऊन शेताच्या टोकापर्यंत नजर फिरवली. फोनमधून युनूसचा श्वास ऐकू येत होता.

‘समद्या,’ तो म्हणाला. ‘अब्बाच्या तासापासून धुऱ्यापावतर. समद्या.’